आईच्या खोलीचे सात प्रश्न

४ मार्च

प्रिय छोटी,

तुझं पत्र परवा मिळालं. एकदा उत्तर लिहिलं, पण वाचून मलाच बरं वाटलं नाही, म्हणून फाडलं. कागद फुकट गेला. हा कागद ह्यांच्या जुन्या ऑफिसातला आहे. मागच्या बाजूला रजेचा अर्ज छापलाय, तो भरून पाठवू नकोस म्हणजे झालं.

फोन मुद्दामच केला नाही. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आईची कॉट. आपण दोघी काय बोललो ते चहाच्या आधी शेजारणीला कळतं, तेही थोडं वाढवून.

तर तू घर बांधतेस. तीन खोल्या खाली, तीन वर. आनंद झाला. खरंच झाला, देवाला दिवा लावताना तुझ्या घरासाठी दोन शब्द जास्त बोलले. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की आईला आता माझ्याकडे आणते, तिच्यासाठी वेगळी खोली करतेय, तुमच्याकडे तिला स्वतःची अशी जागाच नाही. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. जागा नाही म्हणजे काय गं? अकरा वर्षं बाहेरची खोली तिचीच आहे. आमच्याकडे पाहुणा आला तर तिच्या परवानगीनं बसतो. कॉट खिडकीला लावलेली, समोर बसथांबा. कोण कुठल्या बसनं गेलं, कोणाची चुकली, कोणाची सून आज फुगून बसलीय, सगळी खबर तिच्याकडे. पोस्टमन आधी तिच्याशी बोलतो, मग पत्र देतो. दार सताड उघडं लागतं. वारा येतो म्हणून मी जरा लोटलं की म्हणते, "मला पुरलंय का इथं?" अशा बाईला स्वतःची जागा म्हणून तू आणखी काय देणार आहेस?

आणि एक सांगते, रागावू नकोस. परवा शेजारीण आली तेव्हा आई अर्धा तास तुझ्या घराबद्दल बोलत होती. जिना कुठे, खिडक्या कुठे, हातानं हवेत काढून दाखवत होती. मी आतून चहा घेऊन आले तर माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही थोरली. हिच्याकडे असते मी." दवाखान्याचं नाव सांगावं तसं.

ह्यांना विचारलं, आईला पाठवायचं का. ते वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "तिलाच विचार." मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक आहे.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझी
ताई

१५ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र वाचून हसू आलं, मग वाईट वाटलं, मग परत हसू आलं. रजेचा अर्ज मंजूर केलाय, हवी तेवढी घे.

जागा नाही असं म्हटलं ते तुला टोचायला नव्हे गं. आमच्या आर्किटेक्ट बाईंच्या तोंडचं वाक्य आहे ते. त्या म्हणाल्या, ज्या खोलीत सगळं घर येऊन बसतं ती एका माणसाची कशी? बाई फार वेगळ्या आहेत. बाकीचे विचारतात, खोल्या किती, फरशी कुठली. बाईंनी पहिल्या दिवशी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्ही चिडलात की घरात कुठे जाता?" ह्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. शेवटी मीच सांगितलं, गाडीत जाऊन बसतात, चालू न करता. तर बाईंनी खरोखर जिन्याखाली ह्यांच्यासाठी गाडीएवढी जागा काढलीय. एक खुर्ची, समोर काच, बस्स. हे वरवर म्हणतात काय वेडेपणा, पण नकाशातली ती जागा रोज एकदा बघतात.

बाईंचं म्हणणं असं की कपडा अंगावर बेततात तसं घर माणसाच्या मनावर बेतायचं. ज्याला एकटेपणा लागतो त्याला कोपरा द्यायचा, ज्याला माणसं लागतात त्याला वर्दळ. भिंती त्यानंतर.

आता आईची खोली. तळमजल्यावर, मागच्या बाजूला. त्यासाठी बाईंनी सात प्रश्न दिले आणि मी पहिल्यालाच अडकले. आई दिवसातला कोणता वेळ स्वतःचा म्हणून ठेवते? मला काय माहीत? मी वर्षातून दोनदा येते, ती माझ्याशी पाहुण्यासारखी नीटनेटकी वागते. म्हणून कागद तुला पाठवतेय. भरून थेट बाईंनाच पाठव, पत्ता मागे आहे. मी उघडूनही बघणार नाही. शाळेत सगळा वर्ग तुझ्या वहीवरून उतरवून घ्यायचा, मी आज का शंका घेऊ?

भाऊजींना नमस्कार. आईला यातलं अजून काही सांगू नकोस, नाहीतर बसथांब्यापर्यंत जाईल.

छोटी

२४ मार्च

मा. बाईंस,

नमस्कार. मी आपल्याकडे घर बांधून घेणाऱ्या बाईंची थोरली बहीण. आमची आई माझ्याकडे असते. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेव्हा भाषा सांभाळून घ्यावी. आपला कागद चांगल्या प्रतीचा आहे, तो खराब करण्यापेक्षा वेगळ्या कागदावर उत्तरं लिहिते.

१. दिवसातला स्वतःचा वेळ कोणता?
दुपारी तीन ते सव्वाचार. तेव्हा घरातली माणसं झोपलेली असतात. त्या वेळात जप करायचा असतो. मधेच कोणी "अगं, ऐकलंस का" म्हटलं की परत पहिल्या मण्यापासून.

२. राग आला की कुठे जातात?
ओट्याशी. पुसलेला ओटा परत पुसतात.

३. कोणता आवाज नकोसा होतो, कोणता नसला तर चुकल्यासारखं वाटतं?
रस्त्याचा नकोसा होतो. बसचा. दारात उभं राहून गप्पा मारणाऱ्यांचा. नसला तर चुकेल असा एकही नाही.

४. दार उघडं की बंद?
बंद. जाड असावं. आपलं आपण मिटलं तर फार बरं, म्हणजे उठून लावायला नको. आतून कडी हवी.

५. रडू आलं तर कुठे रडतात?
स्वयंपाकघराच्या दारामागे, डबा उपडा घालून त्यावर बसतात. दार उघडं असलं की त्याच्यामागे कोणी आहे हे दिसत नाही. फार वेळ नाही बसत. दूध तापेपर्यंत.

६. खिडकीतून काय दिसावं?
भिंत चालेल. तिच्यावर वेल असला तर छानच. माणसं नकोत.

७. कुणाची हाक ऐकू यावी, कुणाची येऊ नये?
कुणाचीच येऊ नये. निदान तासभर.

एवढंच. काही जास्त लिहिलं गेलं असल्यास क्षमा असावी.

आपली,
छोटीची ताई

२ एप्रिल

सप्रेम नमस्कार,

तुमची उत्तरं मिळाली. सोळा वर्षं मी लोकांना हे प्रश्न विचारते. पाचव्या प्रश्नापुढे बहुतेक लोक "आमच्याकडे कोणी रडत नाही" असं लिहितात, आणि मग त्या घरात कुठेही जागा ठेवली तरी कमीच पडते. तुमच्यासारखं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

दारामागची ती जागा मी खोलीतच करतेय. भिंतीत बांधलेली बैठक, दार उघडलं की झाकली जाणारी. कोपराशी एक फळी, दिवा आणि पोथी मावेल एवढी. खिडकी मागच्या कुंपणाच्या भिंतीकडे. वेल आत्ताच लावायला सांगितला आहे, घर पूर्ण होईपर्यंत चढेल.

बैठकीसाठी एक माप हवं. खुर्चीवर बसल्यावर गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत किती इंच भरतात? पाय लोंबकळत राहिले की माणूस स्वतःच्या घरातही उपऱ्यासारखं बसतं.

एक शंका. या वयात आई अजून ओटा पुसतात?

आपली,
आर्किटेक्ट

९ एप्रिल

मा. बाईंस,

साडेचौदा इंच. टेपनं मोजून घेतलं आहे. ओट्याचं म्हणाल तर जुनी सवय, सुटत नाही.

वेल लावलात हे बरं केलंत.

छोटीची ताई

२० ऑक्टोबर

प्रिय छोटी,

आई तुझ्याकडे येऊन पाच दिवस झाले. मेहुण्यांनी तिला गाडीत पुढे बसवलं ते चांगलं केलं, तिला समोरचं दिसावं लागतं. निघताना शेजारणीच्या गळ्यात पडून रडली. पोस्टमनचा हात हातात घेऊन रडली. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "गॅस बंद केलास का?"

बाहेरची खोली आता एवढी मोठी वाटते की झाडायला दुप्पट वेळ लागतो. हे आईच्या कॉटवर बसून पेपर वाचतात आणि अधूनमधून मला सांगतात, कुठली बस आली. पोस्टमननं विचारलं, आजी कुठे गेल्या? मी सांगितलं, चार दिवस हवापालट. चारच म्हटलं.

तू पाठवलेला खोलीचा फोटो बघितला. बैठक दारामागे चांगली बसलीय. फळीही बेताची आहे, उगाच मोठी नाही. वेल निम्म्या भिंतीवर चढलाय, पानं छोटी छोटी आहेत, मला वाटलं होतं मोठी असतील. फोटो मी देवाच्या फळीवर ठेवलाय. आईचा फोटो असता तर ठेवलाच असता. ह्यात आई नाही, नुसतीच खोली आहे, तरी ठेवला. सकाळी दिवा लावताना बघणं होतं.

आईला करमत नसेल तर लगेच कळव. संकोच करू नकोस. नव्या जागेत म्हाताऱ्या माणसाला नाहीच करमत, त्यात तुझा काही दोष नाही. ह्यांना मी सांगून ठेवलंय की आणायला जावं लागेल, बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. तिची कॉट हलवलेली नाही.

ती काही म्हणाली का माझ्याबद्दल?

ताई

२९ ऑक्टोबर

ती. ताई,

घाबरू नकोस, आई धडधाकट आहे. पण मंगळवारी जे झालं ते आठवलं की मी अजून हातातलं काम टाकून तिला बघून येते.

पहिले काही दिवस ती त्या खोलीत फक्त झोपायला जायची, बाकी सगळा वेळ माझ्या मागे मागे. मी म्हटलं, "आई, एवढी बैठक केलीय तुझ्यासाठी, एकदा बसून तर बघ." बरं म्हणून आत गेली. मी वर कपडे वाळत घालायला गेले, मग फोन आला, मग आणखी एक. तासाभरानं खाली आले तर आईचा पत्ता नाही. ती एका जागी इतका वेळ बसेल असं वाटलंच नाही, म्हणून आधी बाकीचं सगळं घर पालथं घातलं. तिच्या खोलीचं दार ढकललं तर आतून ओरडली, "आता आलीस?" अगं, ती बसली आणि तिला उठताच येईना. बैठक इतकी खाली की गुडघे पोटाशी, हाताला धरायला काही नाही. आणि दार असं बनवलंय की आपोआप मिटतं, वर जाड, एक हाक बाहेर येत नाही. तास-सव्वा तास ती तुझ्या नावानं ओरडत होती. घसा बसलाय. मला म्हणाली, "कोंडून मारायला आणलंत का मला? थोरलीकडे निदान बस तरी दिसायची."

मी आणि ह्यांनी धरून उठवलं. उठल्याबरोबर तिनं हुकूम सोडला, कॉट बाहेर काढा. आता ती पुढच्या दाराच्या आत, जिन्याच्या पायथ्याशी कॉट टाकून बसलीय. आमच्या घरात तिला ओलांडल्याशिवाय कोणी येऊ शकत नाही. दोन दिवसांत तिला समोरच्या इमारतीचा पहारेकरी, पाववाला आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको ओळखू लागली. खूश आहे, खोटं कशाला बोलू. पण वाऱ्याच्या झोतात, चपलांच्या शेजारी अशी पडलेली बरी दिसते का? आणि मी लोकांना सांगत फिरलेली, आईसाठी खास खोली.

आर्किटेक्ट बाईंना मी बोलावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. मनाचं ओळखून घर बांधता म्हणे, एवढंही ओळखता आलं नाही? त्या आपल्या टेपनं बैठकीची उंची पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. त्याचाच मला जास्त राग आला. ह्यांच्या ऑफिसातल्या दोघांना मी त्यांचं नाव दिलं होतं, ते परत घेतलं. ज्या बाईला म्हातारं माणूस कळत नाही तिनं घरं बांधू नयेत.

तुझा काही दोष नाही हे आधीच लिहिते, नाहीतर जिवाला लावून घेशील.

छोटी

६ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या बहिणीनं दिलेला दोष मी घेतला आहे. तो बराचसा माझाच आहे. ज्यांच्यासाठी खोली बांधायची त्यांना एकदा डोळ्यांनी बघायला हवं होतं. उत्तरं इतकी जिवंत होती की बघायची गरज वाटली नाही.

आता जाऊन बघून आले. आई दारातच भेटल्या. दहा मिनिटांत त्यांनी माझं लग्न का मोडलं ते काढून घेतलं आणि त्यावर उपायही सांगितला. त्या बसल्या होत्या तेव्हा मी नजरेनं माप घेतलं. अठरा इंचांना कमी नाही.

तुमचा कागद मी पुन्हा वाचला. खोटी उत्तरं मी खूप वाचली आहेत. त्यांत दूध तापत नाही. ही उत्तरं खरीच आहेत, फक्त तुमच्या आईंची नाहीत.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कागद सोबत परत पाठवते आहे, तो तुमचा आहे. एवढंच कळवा, साडेचौदा इंच कुणाचे?

आपली,
आर्किटेक्ट

१४ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. आईसमोरही वाचू नकोस.

बाईंचा काही दोष नाही. तो कागद मी खोटा भरला. जाणूनबुजून. आईला जे जे आवडतं त्याच्या बरोबर उलटं लिहायचं असं ठरवून बसले. तिला रस्ता लागतो, म्हणून भिंत मागितली. तिला उघडं दार लागतं, म्हणून जाड दार मागितलं, तेही आपोआप मिटणारं. हिशेब साधा होता. खोली अशी व्हावी की आई चार दिवसांत कंटाळून माझ्याकडे परत यावी आणि तुझ्या शेजारणींसमोर तुझं नाक कापलं जावं. दोन्ही मला हवं होतं. पहिलं जास्त की दुसरं जास्त, ते आजही सांगता येत नाही.

बाईंनी बैठकीचं माप मागितलं. आईला मोजायला गेले असते तर तिनं विचारलं असतं, कशाला? त्या कशालाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. म्हणून खुर्चीवर बसून माझाच पाय मोजला. आई केवढी उंच आणि मी केवढी, हे मला दिसत नव्हतं असं नाही. म्हटलं, थोडी गैरसोय झाली तर बरंच. ती तिथे अडकून पडेल, तासभर माझ्या नावानं ओरडेल आणि तिचा आवाज बाहेर जाणार नाही, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं. पण ते दार मीच मागितलं होतं, छोटी. तिचा घसा मी बसवला.

देवापुढे बसून कबूल केलं. ते सोपं गेलं. तो उलट टपाली जाब विचारत नाही.

बाईंनी कागद परत पाठवला आणि त्यात एक प्रश्न विचारला, माप कुणाचं म्हणून. तेव्हा मी माझीच उत्तरं पहिल्यांदा नीट वाचली. लिहिताना वाटत होतं, खोटं बोलण्यात मी किती हुशार झालेय, हात थांबत नव्हता, नाहीतर तुला दोन ओळी लिहायला मला अर्धा दिवस लागतो. वाचलं तर त्यात आईचं उलटं असं काही नव्हतंच. दुपारचे तीन ते सव्वाचार माझे. दारामागचा डबा माझा. तुला कधी दिसला नाही, कारण दार उघडं असलं की दिसतच नाही.

आता सगळं लिहितेच आहे तर हेही. तुझ्या घराचा मला हेवा वाटला. सहा खोल्यांचा वाटला, जिन्याचा वाटला. आई तुझ्या जिन्याबद्दल बोलायची तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. अकरा वर्षं मी तिला न्हाऊ घालते, आणि भिंतीवर फोटो तुझा. पण सगळ्यात जास्त हेवा वाटला त्या छापील कागदाचा. राग आला की तुम्ही कुठे जाता, हे तुमच्याकडे एक शिकलेली बाई घरी येऊन विचारते, आणि उत्तर आलं की तशी भिंत बांधते. मला हे कोणी विचारलं असतं तर मी भिंतही मागितली नसती. नुसतं विचारलं असतं तरी झालं असतं.

बाईंची माफी माग आणि त्या दोघांना त्यांचं नाव परत दे. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

ताई

२५ नोव्हेंबर

ताई,

तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू तिकडे, मी इकडे, तरी बोलले नाही. चहा करताना तुला चार गोष्टी सुनावल्या, पोळ्या लाटताना आणखी चार. आई म्हणाली, "कुणाशी भांडतेस गं?" मी म्हटलं, थोरलीशी. ती म्हणाली, "मग मोठ्यानं भांड, मला ऐकू येत नाही."

तिला काही सांगितलेलं नाही. बाईंकडे जाऊन माफी मागितली. त्या दोघांनाही त्यांचं नाव परत दिलं. बाईंनी तुला बोल लावला नाही, उलट म्हणाल्या, "तुमच्या ताईंना एकदा बघायचंय." तुझाच नंबर सगळीकडे पहिला.

नाक कापलं जावं हे तू लिहिलंस ते वाचून रडले. मग विचार केला, मी तरी आईला का आणलं? सगळ्यांना सांगते, तिच्या सुखासाठी. तुझ्याकडे तिला काय कमी होतं? मी यायचे तेव्हा ती मला खुर्ची द्यायची, चांगल्या कपात चहा द्यायची. तुला म्हणायची, "अगं, माझी पाठ खाजव." मला ती पाठ हवी होती. आता ती माझ्या दारात बसलीय, आणि ठेच लागली की तुझं नाव, पाणी हवं तरी तुझं नाव. मला हाक मारायची असली तरी आधी "थोरले", मग चूक लक्षात आली तर "छोटी". बहुतेकदा येतच नाही लक्षात. तुला हेवा वाटला म्हणतेस. माझा बघायला ये.

मागच्या खोलीत मी जाऊन बसले. माझेही पाय आईसारखे लांब, गुडघे हनुवटीला लागले. पण दार मिटलं आणि वेलाकडे बघत बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपली ताई अशी आहे तर. चाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं. ती खोली तुझी आहे. उपकार करत नाही, दुसऱ्या कोणाला ती होतच नाही.

आता कामाचं. बाई म्हणतात, आईला जिथे हवंय तिथेच, पुढच्या दाराशी, तिच्यासाठी नीट जागा करता येईल. वारा लागणार नाही आणि माणसंही दिसतील. पण कागद पुन्हा भरून हवा. आणि तो मला अजूनही भरता येत नाही, ही माझी फजिती आहे. तूच भरू शकतेस. पण विचार करून भर. खरा भरलास तर आईला इथे इतकं सोयीचं होईल की ती तुझ्याकडे परत येणार नाही. नाही भरलास तर थंडीच्या झोताला महिन्याभरात कंटाळेल आणि पोस्टमनकडे निघून येईल. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी मी भांडणार नाही. भांडून झालंय माझं.

छोटी

३ डिसेंबर

मा. बाईंस,

साडेचौदा इंच माझे. आपण ओळखलंच होतं. माझ्यामुळे आपल्याला ऐकून घ्यावं लागलं, त्याची माफी मागते.

छोटीचं पत्र येऊन पाच दिवस झाले. पुसून ठेवलेली बॅग काल परत माळ्यावर टाकली. आज आईची उत्तरं लिहिते. ह्या वेळी तुमच्याच कागदावर लिहितेय, दुसऱ्या बाजूलाही जागा आहे.

दिवसातला स्वतःचा वेळ तिला नको असतो. एकटी बसली की ती मेलेल्या माणसांची नावं मोजते, मग दिवसभर जेवत नाही. सगळ्यात अवघड वेळ चहानंतरची, दिवे लागायच्या आधीची. तेव्हा रस्त्यावर वर्दळ असेल अशा बाजूला तिची खिडकी करा.

राग आला की ती कुठे जात नाही, दुसऱ्यांना जायला लावते. दहा मिनिटांनी आपणच विचारते, कुठे गेलीस. तेव्हा तिच्यासमोर कुणाला तरी पटकन येऊन बसता येईल असं एक स्टूल असावं. खुर्ची नको, खुर्चीवरच्या माणसाशी ती पाहुण्यासारखी बोलते.

रस्त्याचा आवाज तिला हवा. न चुकता लागणारा आवाज म्हणजे स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा. तो थांबला की ती म्हणते, "काय झालं?" डावा कान काम करत नाही, हे ती कुणाला सांगत नाही. म्हणून उजवा कान घराच्या आत राहील अशी कॉट ठेवा. रस्ता तिला दिसला की पुरतो, घर ऐकू यावं लागतं.

दार उघडं. कडी कुठेही नको, न्हाणीघरालासुद्धा. न्हाणीघरात डाव्या हाताला धरायला दांडा द्या, उजवं मनगट तिचं मोडलं होतं. बैठक अठरा इंच नको, वीस करा. नुसतं बसता आलं तर उपयोग नाही, कुणाची मदत न घेता उठता आलं पाहिजे. उठताना कुणी हात धरलेला तिला आवडत नाही. मी फक्त जवळ उभी राहायचे, दुसरीकडे बघत.

ती रडते ती लोकांसमोर, ठणठणीत रडते, त्याची काळजी नको. पण वर्षातून एकदा-दोनदा भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहते. ते खरं रडणं. तेव्हा काही विचारायचं नाही, पाय चेपायचे. कॉटच्या पायथ्याशी एका माणसाला बसता येईल एवढी जागा सोडा.

खिडकीतून माणसं दिसावीत, तीही कुठेतरी निघालेली.

राहिला सातवा. कुणाची हाक ऐकू यावी? तिला हाक ऐकायची नसते, मारायची असते. दिवसातून पन्नास वेळा मारते, काम असतंच असं नाही. ओ आली की गप्प बसते. यायला उशीर झाला की घाबरते. घाबरले असं म्हणत नाही, ओरडते. म्हणून तिच्या कॉटपासून छोटीच्या ओट्यापर्यंत मधे भिंत ठेवू नका. अजून काही दिवस ती माझ्याच नावानं हाक मारेल. छोटीला सांगा, नाव दुरुस्त करत बसू नकोस. ओ दे.

आपली,
थोरली